वाटमारीच्या प्रसंगी कमरेचे पिस्तूल कितपत उपयोगी पडते?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा की, आपल्या एका सहकाऱ्याला रात्री रेल्वे स्थानकावरून गाडीकडे जात असताना दोघांनी गाठले, पिस्तूल दाखवून पाकीट आणि फोन काढून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात ‘याच्याजवळ पिस्तूल असते तर ही वेळ आली नसती’ असे सर्वांचे मत पडले. आपण अमेरिकेत कामाच्या व्हिसावर आहात, ग्रीन कार्डाचा अर्ज केला आहे, आणि आता परवाना काढून कपड्याआड पिस्तूल बाळगावे की काय, असा विचार करत आहात. मी येथे बरीच वर्षे परवानाधारक नागरिकांना हेच प्रशिक्षण देतो आणि स्वतःही पिस्तूल बाळगतो. त्यामुळे माझे उत्तर शस्त्राच्या तिटकाऱ्यातून आलेले नाही. तरीही ते आपल्या सहकाऱ्यांच्या मताशी जुळणारे नाही.

‘पिस्तूल असावे की नसावे’ असा प्रश्न मांडला की लगेच दोन पक्ष पडतात, आणि ज्याला रात्री एकट्याने चालत जायचे आहे त्याच्या पदरात काहीच पडत नाही. माझ्या मते हा प्रश्न वेळेचा आणि अंतराचा आहे. लुटारूचा हेतू लक्षात आला त्या क्षणी तो किती दूर होता, त्याच्या हातात काय होते आणि आपले हात कशात गुंतलेले होते, एवढे कळले तर पिस्तुलाचा उपयोग झाला असता की नाही हे बऱ्याच अंशी सांगता येते. आपल्या सहकाऱ्याच्या बाबतीत, आपण दिलेल्या माहितीवरून, पिस्तूल आधीच रोखलेले होते, अंतर हातभर होते आणि समोर दोन माणसे होती. अशा स्थितीत कमरेचे शस्त्र बाहेर काढू पाहणारा माणूस बहुतेक वेळा गोळी खातो.

वाटमारीचा मुहूर्त लुटारू काढतो, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. तो सावज आधी हेरतो, जागा त्याच्या सोयीची निवडतो आणि अगदी जवळ येईपर्यंत हेतू उघड करत नाही. किती वाजले म्हणून विचारणे, सिगारेटसाठी काडी मागणे, पत्ता विचारणे ही सगळी जवळ येण्याची निमित्ते असतात. पिस्तूल बाळगणारा माणूस मात्र मनातल्या मनात दुसरेच चित्र रंगवत असतो: समोरून कोणीतरी धमकावत येत आहे, मध्ये मोकळा रस्ता आहे आणि आपल्याला विचार करायला अवधी आहे. असे प्रसंग घडतच नाहीत असे मी म्हणणार नाही, पण रस्त्यावरील लुटीत ते कमी घडतात.

वर्गात हे पटवून देण्यासाठी आम्ही रंगाचा ठिपका उमटवणाऱ्या गोळ्यांची सरावाची पिस्तुले वापरतो. विद्यार्थ्याला गाडीच्या दाराशी उभे करतो, त्याच्या उजव्या हातात किल्ल्या, डाव्या हातात फोन. त्याचे पिस्तूल उजव्या कमरेला, वर शर्ट आणि त्यावर झिप लावलेले जाकीट. सहप्रशिक्षक बाजूने चालत येतो आणि हातभर अंतरावर शस्त्र रोखून पैसे मागतो. पुढे जे होते ते पाहण्यासारखे असते. विद्यार्थी किल्ल्या टाकत नाही, कारण घाबरलेल्या माणसाची मूठ सैल होत नाही, आवळते. किल्ल्या धरलेल्या त्याच हाताने तो जाकीट वर ओढू लागतो. जाकीट निघते पण शर्टाची कड मुठीवर अडकते, आणि बोटे कापडासकट पिस्तुलाची मूठ पकडतात. पिस्तूल होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, अर्धवट बाहेर आलेले असते तोवर त्याच्या छातीवर रंग उमटलेला असतो. लक्ष्यावर उत्तम नेम असणारी माणसेही येथे असेच करतात, कारण नेमबाजीच्या मैदानावर कोणी त्यांच्या हातात किल्ल्या दिलेल्या नसतात.

यातील हिशेब अवघड नाही. कपड्याआडून पिस्तूल काढून पहिली गोळी नेमकी झाडायला नियमित सराव असलेल्या माणसालाही सुमारे दीड ते दोन सेकंद लागतात, आणि सराव नसलेल्याला त्याहून बरेच जास्त. समोरच्याने शस्त्र आधीच रोखलेले असेल तर त्याला फक्त चाप ओढायचा असतो, आणि आपली हालचाल पाहून तसे करायला त्याला अर्धा सेकंदसुद्धा पुरतो. हातात सुरा असेल तरी फार फरक पडत नाही. सॉल्ट लेक सिटी पोलिसांतील प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ साली दाखवून दिले की धडधाकट माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो, म्हणजे अधिकारी पिस्तूल काढून झाडेपर्यंत सुरेवाला त्याच्या अंगावर आलेला असतो. लोक या २१ फुटांना सुरक्षित अंतराची रेषा समजून बसले, जे त्या प्रयोगाचे म्हणणे नव्हतेच. ट्यूलर सांगत होते ते धोका आपल्या समजुतीपेक्षा किती लांबून सुरू होतो हे. वाटमारीत तर आपण २१ फुटांबद्दल बोलतच नसतो, तीन फुटांबद्दल बोलत असतो.

येथे दोन सवयींचा उल्लेख करतो, कारण नवशिक्यांमध्ये त्या सर्रास आढळतात. पहिली, पिस्तूल पाठीवरच्या किंवा खांद्यावरच्या पिशवीत ठेवणे; लुटारू सर्वांत आधी पिशवीच हिसकावतो, म्हणजे शस्त्र आपण होऊन त्याच्या हाती दिल्यासारखे होते. दुसरी, अपघाताच्या भीतीने नळीत गोळी न ठेवता पिस्तूल बाळगणे. ही भीती मला समजते, परंतु मग ऐन वेळी गोळी नळीत चढवण्यासाठी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायला दोन मोकळे हात लागतात, आणि एक हात तर बहुधा लुटारूला दूर ढकलण्यात गुंतलेला असतो. ज्याला भरलेले पिस्तूल अंगावर वागवण्याचा विश्वास वाटत नाही, त्याने ते रस्त्यावर आणण्याची घाई करू नये.

मग पिस्तुलाचा उपयोग कधी होतो? माझ्या मते दोन परिस्थितींत. एक, धोका लांबून ओळखता आला आणि मध्ये अंतर किंवा आडोसा मिळाला. दोन गाड्यांमधून कोणीतरी आपल्याकडेच वळले, आपण रस्ता ओलांडला, त्यानेही ओलांडला, आपण मोठ्याने ‘थांबा, जवळ येऊ नका’ म्हटले आणि तरी तो आला. आपण पाहिले आहे हे लक्षात आल्यावर बरेच जण याच टप्प्यावर दुसरीकडे वळतात, आणि तेव्हा पिस्तूल कमरेलाच राहते. दुसरी परिस्थिती अधिक गंभीर आहे: पाकीट दिले, फोन दिला, तरी प्रसंग संपत नाही, लुटारू गाडीत बसायला सांगतो, इमारतीच्या मागे चल म्हणतो, गुडघ्यावर बसवतो किंवा सोबतच्या व्यक्तीकडे वळतो. आता मागणी वस्तूची राहिलेली नसते. अशा वेळी धोका पत्करून प्रतिकार करणे शहाणपणाचे ठरू शकते, आणि तेव्हा शस्त्र जवळ असणे व नसणे यांत मोठा फरक पडतो. मात्र तेव्हाही रोखलेल्या नळीसमोर सरळ हात कमरेकडे नेण्यापेक्षा आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागते: लुटारूची नजर पाकिटाकडे झुकते, तो मागे वळून पाहतो, किंवा दोघांपैकी एक जण दुसऱ्याशी बोलू लागतो, तो क्षण. आमच्या सरावात पाकीट बाजूला जमिनीवर टाकून उलट्या दिशेला सरकणाऱ्याला असा क्षण अधिक वेळा मिळतो, आणि त्याहीपेक्षा अधिक वेळा त्याला त्या क्षणाची गरजच पडत नाही, कारण लुटारू पाकीट उचलून चालू लागतो.

आकडेवारीकडे वळलो की दोन्ही बाजूंना आपल्या सोयीचे आकडे सापडतात, म्हणून ती जपून वाचावी. गुन्हेशास्त्रज्ञ गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दूरध्वनी सर्वेक्षणावरून अमेरिकेत वर्षाला सुमारे २५ लाख वेळा लोक स्वसंरक्षणासाठी बंदूक वापरतात असा अंदाज काढला गेला. सरकारच्या गुन्हेपीडित सर्वेक्षणातून मात्र हा आकडा एक लाखाच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. एवढी तफावत असताना कोणताही एक आकडा डोळे मिटून स्वीकारणे बरे नव्हे. डेव्हिड हेमेनवे आणि सारा सोल्निक या संशोधकांनी २००७ ते २०११ या काळातील याच सरकारी सर्वेक्षणाचा अभ्यास केला, तेव्हा पीडित आणि गुन्हेगार समोरासमोर आलेल्या घटनांपैकी १ टक्क्याहूनही कमी घटनांत पीडिताने बंदूक वापरलेली आढळली, आणि बंदूक वापरल्यानंतर इजा होण्याचे प्रमाण इतर प्रकारच्या प्रतिकारानंतरच्या प्रमाणाएवढेच, ४ टक्क्यांच्या आसपास निघाले. फिलाडेल्फियातील २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हल्ल्याच्या वेळी बंदूक जवळ असणाऱ्यांना गोळी लागण्याची शक्यता सुमारे साडेचार पट आढळली. परंतु बंदूक बाळगणारी माणसे मुळातच अधिक धोक्याच्या जागी वावरत असावीत, हा त्यावरील आक्षेप मला रास्त वाटतो. क्लेक यांचे अभ्यास उलट प्रतिकार करणाऱ्यांना कमी इजा होते असे सांगतात. मी यातून एवढेच घेतो की पिस्तूल ही हमी ठरल्याचा पुरावा नाही आणि ते जवळ असले की घात ठरलेलाच, याचाही नाही. आणि हातभर अंतरावर रोखलेल्या नळीसमोर काय करावे, या आपल्या नेमक्या प्रश्नाचे उत्तर यांपैकी कोणत्याही तक्त्यात नाही.

नेमाबद्दलचा गैरसमजही येथेच दूर करतो. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा रँड या संशोधन संस्थेने २००८ साली अभ्यास केला, तेव्हा दोन्ही बाजूंनी गोळ्या चालल्या अशा चकमकींत पोलिसांच्या गोळ्यांपैकी सरासरी फक्त १८ टक्के लक्ष्याला लागल्या होत्या, आणि समोरून गोळीबार झालाच नाही अशा प्रसंगीसुद्धा ३० टक्के. उरलेल्या गोळ्या कुठेतरी जातातच. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका सशस्त्र खुन्यावर १६ गोळ्या झाडल्या. तो मारला गेला, पण पदपथावरचे नऊ जण पोलिसांच्याच गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले. ही प्रशिक्षित, गणवेशातील माणसे होती. आपण झाडलेल्या प्रत्येक गोळीची जबाबदारी आपली असते, मग ती लुटारूला लागो की बसथांब्यावरच्या माणसाला.

कायद्याविषयी सविस्तर सल्ला आपल्या राज्यातील वकीलच देईल, कारण नियम राज्यागणिक बदलतात. २०२२ च्या ब्रुएन निकालात सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क मानला, आणि निम्म्याहून अधिक राज्यांत कपड्याआड पिस्तूल बाळगायला आता परवानाही लागत नाही. याउलट न्यूयॉर्कमध्ये परवान्यासाठी १८ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे आणि भुयारी रेल्वे किंवा टाइम्स स्क्वेअर अशा ठिकाणी परवाना असूनही शस्त्र नेता येत नाही. प्राणघातक बळाचा गाभा मात्र बहुतेक ठिकाणी सारखा आहे: जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका तत्क्षणीचा असला पाहिजे, आणि आपली भीती त्या परिस्थितीत शहाण्या माणसाला वाटली असती अशी असली पाहिजे. शस्त्र रोखून लूट चालू आहे तोवर ही अट सहसा पूर्ण होते. लुटारू पाकीट घेऊन पाठ फिरवून पळू लागला की ती पूर्ण होत नाही, आणि त्यानंतर झाडलेली गोळी आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करू शकते. संतापाच्या भरात माणसे नेमके येथेच चुकतात, कारण शस्त्र हाती येईपर्यंत प्रसंग संपलेला असतो, पण अंगातली भीती आणि राग संपलेला नसतो.

बर्नहार्ड गोएट्झ यांचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. १९८१ मध्ये त्यांना लुटून मारहाण झाली, त्यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला, तो नाकारला गेला, आणि ते विनापरवाना रिव्हॉल्व्हर बाळगू लागले. २२ डिसेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत तरुणांच्या एका टोळक्यातील एकाने पाच डॉलर मागितले, तेव्हा त्यांनी पाच गोळ्या झाडून चौघांना जखमी केले. त्यांतील एक कायमचा पंगू झाला. १९८६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ गोएट्झ यांना प्रामाणिकपणे भीती वाटली एवढे पुरेसे नाही, ती वाजवीही असली पाहिजे. १९८७ मध्ये ज्युरीने त्यांना खुनाच्या प्रयत्नातून मुक्त केले, पण बेकायदा शस्त्राबद्दल दोषी ठरवून तुरुंगवास झालाच, आणि १९९६ मध्ये दिवाणी दाव्यात त्या पंगू तरुणाला ४ कोटी ३० लाख डॉलर भरपाई देण्याचा निकाल लागला. गोएट्झ यांची बाजू बरोबर होती की चूक, यावर आजही वाद होतात. मला त्यातून दिसते ते एवढेच की चाप ओढण्याच्या काही सेकंदांचा निकाल लागायला बारा वर्षे लागली.

गोळी झाडल्यानंतरची पहिली काही मिनिटेही धोक्याची असतात, आणि वर्गांत याकडे हमखास दुर्लक्ष होते. येणाऱ्या पोलिसाला लुटारू कोण आणि लुटला गेलेला कोण हे ठाऊक नसते. त्याला रस्त्यावर पिस्तूल हातात धरलेला एक माणूस दिसतो. म्हणून धोका टळताच शस्त्र परत होल्स्टरमध्ये ठेवावे, ९११ या आपत्कालीन क्रमांकावर स्वतः फोन करून आपले वर्णन आणि कपड्यांचा रंग सांगावा, पोलीस दिसताच दोन्ही हात रिकामे दाखवावेत आणि ते सांगतील तसेच करावे.

आता आपल्या परिस्थितीकडे वळतो, कारण येथे सबुरीला पर्याय नाही. आपण एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघीय कायद्यानुसार आपल्याला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असल्याने हे बदलत नाही. वैध शिकारी परवाना असल्यास कायद्यात अपवाद आहे आणि ‘तो काढून मोकळे व्हा’ असे सुचवणारे हितचिंतक भेटतील, परंतु शहरात वाटमारीपासून संरक्षण म्हणून पिस्तूल बाळगण्यासाठी त्या अपवादावर विसंबण्याआधी इमिग्रेशनचे काम पाहणाऱ्या वकिलाला विचारावे. ही संघीय मनाई मोडण्याच्या गुन्ह्याला २०२२ पासून १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय शस्त्रविषयक गुन्हा हे देशाबाहेर काढण्याचे स्वतंत्र कारण आहे. मित्रांबरोबर नेमबाजीच्या मैदानावर जाऊन भाड्याचे पिस्तूल हाताळणेही ‘बाळगणे’ ठरू शकते, हे अनेकांना माहीत नसते. पाकिटातल्या रकमेसाठी इतकी मोठी जोखीम घेऊ नये.

ग्रीन कार्ड हाती आल्यावर हा निर्णय पुन्हा जरूर करावा, पण तेव्हा रस्त्यावरच्या त्या एका मिनिटाबरोबर दिवसाच्या उरलेल्या वेळाचाही विचार करावा. घरात मुले असतील तर पिस्तूल अंगावर नसताना प्रत्येक वेळी कुलूपबंद पेटीत जाते का? घरात कोणी खोल नैराश्यातून जात आहे का? पिस्तूल नेता येत नाही अशा इमारतीत काम असेल तर ते दिवसभर गाडीत राहणार का, जेथून ते चोरीला जाण्याची शक्यता मोठी असते? एखाद्या संध्याकाळी मद्य घ्यायचे असेल तर ते घरी ठेवून निघण्याची शिस्त आपल्याला जमेल का? ज्यांना हे सगळे रोज पाळणे शक्य नाही, त्यांना मी स्पष्टपणे नको म्हणतो, आणि त्यातील काही जण नंतर समाधानाने मिरचीचा फवारा व प्रखर बॅटरी घेऊन फिरतात. या दोन्ही गोष्टी हातात धरूनच चालता येते, हा त्यांचा मोठा फायदा आहे. अर्थात फवाऱ्याचेही नियम राज्यागणिक वेगळे आहेत आणि रोखलेल्या बंदुकीसमोर तोही वापरू नये.

तोपर्यंत करण्यासारखे बरेच आहे. स्थानकातून बाहेर पडताना फोन खिशात असावा आणि किल्ल्या आधीच हातात घेतलेल्या असाव्यात. गाडी दिव्याखाली आणि शक्यतो दोन मोठ्या गाड्यांच्या मध्ये येणार नाही अशी लावावी. कोणी विनाकारण जवळ येऊ लागल्यास संकोच न करता चाल बदलावी, उजेडाकडे किंवा माणसांकडे वळावे, उद्धट दिसलो तरी चालेल. शस्त्र रोखले गेलेच तर हात दिसतील असे ठेवावेत, पाकीट कोणत्या खिशात आहे ते सांगून सावकाश काढावे, वाद घालू नये आणि चेहऱ्याकडे टक लावून पाहू नये. हल्ली फोनबरोबर संकेतांकही मागितला जातो. तोही द्यावा, आणि सुरक्षित जागी पोहोचताच दुसऱ्या फोनवरून तो फोन बंद करून बँकेला कळवावे. त्यासाठी लागणारी दूरस्थ कुलपाची सोय आजच सुरू करून ठेवता येईल.

पुढे कधी प्रशिक्षणाचा वर्ग निवडायची वेळ आली तर प्रशिक्षकाला एकच गोष्ट विचारावी: वर्गात समोर जिवंत माणूस उभा करून सराव घेता का, की केवळ कागदाच्या लक्ष्यावर गोळ्या झाडायला लावता? दुसरे उत्तर आले तर तेथे नेमबाजी शिकावी, परंतु त्या प्रमाणपत्राच्या भरवशावर पिस्तूल कमरेला लावून रात्री स्थानकाबाहेर पडू नये.